योकोसुकाची 'मिकासा' युद्धनौका, सारुशिमा बेट आणि आसपासचा किनारा : एका दिवसात काय बसतं?

पाणकोंबडा

जपानच्या सहलीत एक दिवस फक्त योकोसुकासाठी राखून ठेवला आहे. मुक्काम तोक्योत, शिनागावा स्टेशनजवळ. कच्चा बेत असा: सकाळी 'मिकासा', मग सारुशिमा बेट, दुपारी नौदल बंदराची बोटफेरी, तिथून कान्नोनझाकीचं दीपगृह आणि वेळ उरलाच तर कुरिहामाला अमेरिकन नौदलाच्या कमोडोर पेरीचं स्मारक.

माणसं पाच. त्यात एक गुडघेदुखीवाल्या आजी आणि एक नऊ वर्षांचा मुलगा. दोघं पक्के शाकाहारी. महिना नोव्हेंबर.

हे सगळं एका दिवसात बसेल का? गाडी कुठली घ्यायची? आणि जहाजावर नेमकं काय बघायचं? बाहेरून फोटो काढून निघायची इच्छा नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

तोक्योकर

बसत नाही. पाचातली दोन ठिकाणं गाळा. कुठली ते हिशेब मांडला की आपोआप कळेल.

नोव्हेंबरच्या मध्यात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. 'मिकासा' नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी 9 ते दुपारी 4:30 एवढीच उघडी असते, म्हणजे हातात उजेडाचे साडेसात तास. जहाज नीट बघायला दीड ते दोन तास. सारुशिमाची बोट तासाला एक, त्यामुळे जाऊन-येऊन दोन तास धराच. बंदराची फेरी 45 मिनिटांची, पण धक्का वेगळा आहे, 'मिकासा'पासून चालत वीस-पंचवीस मिनिटं. जेवणाला एक तास. झाला की दिवस! कान्नोनझाकीला बस, चढण आणि परतीची बस धरून अडीच-तीन तास वेगळे लागतात. कुरिहामा तर त्याच्याही पुढे.

आता गाडी. शिनागावाहून केइक्यु लाइनची 'काइतोकु' घ्या, मिसाकिगुची किंवा केइक्यु-कुरिहामाकडे जाणारी. योकोसुका-चुओ स्टेशनला उतरायचं, पाऊण तास ते पन्नास मिनिटं लागतात. सुइका (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) चालतं. तीन ठिकाणी लोक हमखास फसतात:

पहिलं म्हणजे त्याच फलाटावरून हानेदा विमानतळाच्या गाड्याही सुटतात आणि त्यांच्यावरही 'काइतोकु' लिहिलेलं असतं. त्या केइक्यु-कामाताहून वळतात. गाडीचा प्रकार वाचून चढू नका, शेवटचं स्टेशन वाचा.

दुसरं, काही गाड्या बारा डब्यांच्या असतात आणि कानाझावा-बुन्को स्टेशनवर त्यातले चार डबे सोडतात. तुम्ही त्या चारात असलात तर तिथे उतरून पुढच्या डब्यांकडे पळावं लागतं. घोषणा इंग्रजीतही होते, पण गप्पांत कोण ऐकतंय!

तिसरं, जेआर पास (जेआर रेल्वेच्या गाड्यांचा पर्यटकांचा पास) केइक्युवर चालत नाही, ती वेगळी कंपनी. पास वसूलच करायचा असेल तर जेआरच्या योकोसुका लाइनने योकोसुका स्टेशन गाठा. बऱ्याच गाड्या झुशीपर्यंतच जातात, तिथे बदलावी लागते. शिवाय जेआरचं स्टेशन 'मिकासा'पासून लांब पडतं, चालत अर्धा तास तरी.

केइक्यु 'योकोसुका मानकित्सु किप्पु' नावाचं एकत्रित तिकीट विकते. त्यात जाण्या-येण्याचा प्रवास, ठरलेल्या भागातली बस, एक जेवणाचं कुपन आणि एका ठिकाणाचं किंवा खेळाचं कुपन मिळतं. पाचही जण जेवणाचं कुपन वापरणार असाल तरच ते फायद्याचं. शाकाहारी दोघांसाठी साधं तिकीट बरं पडेल. कारण पुढे कोणीतरी लिहीलच.

---

गलबत

जहाजाबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

आधी अपेक्षा जाग्यावर आणू. 'मिकासा' पाण्यावर तरंगत नाही. तिचा खालचा भाग जमिनीत पक्का केलेला आहे आणि आतला तळ भरून टाकलाय. त्यामुळे इंजिनघर, बॉयलर, दारूकोठार यातलं काहीही बघायला मिळत नाही. मूळ जहाजात बेलव्हिल पद्धतीचे 25 बॉयलर आणि वाफेची दोन इंजिनं होती. वेग 18 नॉट. हे सगळं आता आकृत्यांत आणि मॉडेलमध्येच. अमेरिकेतली तरंगती संग्रहालयं बघून आलेले लोक इथे 'खाली जायचा जिना कुठाय' म्हणून शोधत बसतात. जिना नाही.

जहाज ब्रिटिश बनावटीचं. बॅरो-इन-फर्नेस इथल्या व्हिकर्सच्या गोदीत 1899 मध्ये काम सुरू झालं, 1900 च्या नोव्हेंबरात जलावतरण आणि मार्च 1902 मध्ये जहाज पूर्ण. लांबी सुमारे 132 मीटर, वजन 15,000 टनांच्या वर. 12 इंची चार तोफा (दोन पुढे, दोन मागे), 6 इंची चौदा तोफा दोन्ही कुशींत मिळून आणि 3 इंची वीस. ब्रिटनची 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका 1906 मध्ये आली आणि ही अख्खी पद्धतच जुनी झाली. त्या आधीच्या पिढीतली जगात शिल्लक राहिलेली एकमेव युद्धनौका म्हणजे ही. एवढ्या एका कारणासाठीही ती बघण्यासारखी आहे.

काय बघायचं, कुठल्या क्रमाने. चढून आल्यावर बहुतेक जण थेट वर, ब्रिजकडे (जिथून जहाज चालवतात त्या उंच जागेकडे) धावतात. उलट करा. आधी 6 इंची तोफांच्या खोल्या बघा. एकेक तोफ चिलखती कप्प्यात बसवलेली, बाहेर बघायला तोफेपुरतं भोक. गोळा साधारण 45 किलोचा आणि तो हातांनी उचलून भरायचा. पुतळे उभे केलेत, त्यांची दाटी बघा. एवढ्याशा जागेत धूर, आवाज आणि हलणारी जमीन धरून दर मिनिटाला अनेक गोळे भरायचे. या खोलीत दोन मिनिटं उभं राहिलं की वरची सगळी व्यूहरचना कोणाच्या पाठीवर चालली होती ते कळतं.

मग मधल्या डेकवरचं प्रदर्शन. नकाशे, मॉडेलं, चित्रफीत. त्सुशिमाच्या लढाईचा नकाशा इथेच डोक्यात बसवून घ्या, नाहीतर वर गेल्यावर सगळं निरर्थक वाटेल. थोडक्यात: रशिया-जपान युद्ध, 27 मे 1905. रशियाचा बाल्टिक ताफा अर्ध्या जगाला वळसा घालून व्लादिवोस्तोककडे निघालेला. पहाटे 'शिनानो मारू' या टेहळणी जहाजाने त्याला पाहिलं आणि बिनतारी संदेश पाठवला. दुपारी दोनच्या सुमारास ॲडमिरल तोगोंनी शत्रूच्या समोरच आपला ताफा एकामागोमाग वळवला. अंतर सुमारे 8 किलोमीटर. वळताना प्रत्येक जहाज त्याच एका बिंदूवरून जाणार, म्हणजे शत्रूला नेम धरायला आयतंच. पहिली वळली ती 'मिकासा', म्हणून सर्वांत जास्त मारही तिलाच बसला. तीसहून जास्त गोळे लागले. पण वळण पूर्ण झाल्यावर जपानी ताफ्याच्या एका बाजूच्या सगळ्या तोफा रशियन रांगेच्या डोक्यावर आल्या.

बिनतारी यंत्राची खोली चुकवू नका. छोटी आहे, लोक दारातून डोकावून पुढे जातात. वास्तविक त्या लढाईतला खरा नवा प्रकार तोच होता.

मागच्या टोकाला अधिकाऱ्यांच्या खोल्या: ॲडमिरलची बैठक, कॅप्टनची खोली, भोजनगृह, न्हाणीघरातला टब. पॉलिश केलेलं लाकूड आणि छतातून येणारा उजेड बघून आपण लढाऊ जहाजात आहोत हेच विसरायला होतं. पण बारकाईने बघा, अशा खोल्यांतही तोफ बसवलेली आहे. लढाई लागली की पाहुण्यांची बैठक म्हणजेच तोफखाना.

सगळ्यात शेवटी ब्रिज. वरच्या उघड्या ब्रिजवर जमिनीत चार पाट्या आहेत: तोगो, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ कातो, कॅप्टन इजिची आणि व्यूहरचनाकार अकियामा लढाईत कुठे उभे होते ते दाखवणाऱ्या. जवळच खाली जाड चिलखताचा कॉनिंग टॉवर (लढाईत जहाज चालवायची बंदिस्त खोली) आहे, भिंत 14 इंचांची. सुरक्षित जागा ती. पण तिच्या फटीतून दिसतं किती ते आत डोकावून बघा आणि मग वर येऊन चौफेर बघा. तोगो वरच का थांबले त्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

डोलकाठीवर फडकणारं चार त्रिकोणांचं निशाण (काळा, पिवळा, निळा, लाल) म्हणजे 'झेड' पताका. 'साम्राज्याचं भवितव्य या लढाईवर आहे, प्रत्येकाने शर्थ करावी' हा त्या दिवशीचा संकेत.

---

मीठपाणी

गलबत, उत्तम माहिती. एक भर घालते. वर दिसणारं सगळंच 1902 चं नाही, हे सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर तोफा, डोलकाठ्या, धुराडी, वरचं सगळं बांधकाम काढून टाकलं गेलं. उरलेल्या सांगाड्यावर काही वर्षं मत्स्यालय आणि नाचघर चालू होतं! 1955 मध्ये एका ब्रिटिश गृहस्थांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून या दुरवस्थेकडे लक्ष वेधलं. पुढे अमेरिकेचे ॲडमिरल निमिट्झ यांनीही लेख लिहून आणि पैसे देऊन हातभार लावला, आणि 27 मे 1961 ला जहाज पुन्हा खुलं झालं. ज्याने जपानचं नौदल हरवलं त्यानेच त्यांचं जहाज वाचवावं, हे एक आश्चर्यच. निमिट्झ तरुणपणी, 1905 मध्ये, तोक्योत तोगोंना भेटले होते.

तर मुद्दा असा की आजच्या मोठ्या तोफा, धुराडी आणि डोलकाठ्या नकला आहेत. काही सुटे भाग मात्र खरे, पण दुसऱ्याच जहाजाचे: चिलीची 'अल्मिरांते लातोरे' ही युद्धनौका 1959 मध्ये भंगारासाठी जपानात आली, तीही ब्रिटिश बनावटीचीच, म्हणून तिचे भाग इथे बसवता आले.

जुनं-नवं ओळखायची ढोबळ खूण रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे गोल डोक्याचे खिळे. बाहेरून, जमिनीवर उभं राहून जहाजाच्या कुशीकडे बघा. पत्र्याच्या कडेने रिव्हेटच्या गोल डोक्यांच्या रांगा दिसतात, रंगाचे कितीतरी थर बसून डोक्यांच्या कडा बोथट झालेल्या. वरच्या तोफांच्या बुरुजांपाशी तशा रांगा शोधा आणि फरक स्वतःच ठरवा. नऊ वर्षांच्या मुलाला हे काम दिलंत तर तो तासभर गुंतून राहील.

---

नकाशेवाला

> एक तोफ फुटल्याचं वाचलं होतं, ते शत्रूच्या गोळ्याने का?

हा प्रश्न कोणी विचारायच्या आधीच लिहितो, कारण प्रदर्शन बघताना तो पडतोच. नाही. बऱ्याचदा स्वतःच्याच गोळ्याने. जपानी गोळ्यांत 'शिमोसे' नावाची पिक्रिक ॲसिडची दारू आणि अतिशय संवेदनशील 'इजुइन' फ्यूज होता. त्यामुळे गोळा पाण्याला किंवा दोरखंडाला लागला तरी फुटायचा, आणि शत्रूच्या डेकवर आग आणि धूर माजायचा. तोटा हा की अधूनमधून तो नळीतच फुटायचा. ऑगस्ट 1904 च्या पीत समुद्राच्या लढाईत आणि पुन्हा त्सुशिमालाही 'मिकासा'च्या 12 इंची तोफांच्या नळ्या अशाच गेल्या.

आणि लढाई जिंकून आल्यावर सप्टेंबर 1905 मध्ये सासेबो बंदरात दारूकोठाराचा स्फोट होऊन हेच जहाज बुडालं. वर्षभराने वर काढलं. पुढे 1921 मध्ये व्लादिवोस्तोकजवळ खडकावर चढलं आणि 1923 च्या भूकंपात धक्क्यावर आदळलं. युद्धनौका कमी करण्याच्या वॉशिंग्टन करारानुसार मोडीतच निघायचं होतं, स्मारक म्हणून ठेवण्याची खास सवलत मिळाली. शत्रूपेक्षा घरच्यांनीच जास्त छळलेलं जहाज.

---

पाणकोंबडा

वा, खजिनाच उघडलात. आता आजींचं सांगा. गुडघ्यांना कितपत झेपेल? आणि शाकाहारींचं काय?

---

मीठपाणी

'मिकासा' पार्कपर्यंतचा रस्ता सपाट. योकोसुका-चुओच्या पूर्वेकडच्या दारातून चालत पंधरा मिनिटं, टॅक्सीने पाचेक. जहाजावरचा मुख्य डेक आणि मागच्या खोल्या जमतील, उंबरे मात्र उंच आहेत, पाय उचलून टाकावा लागतो. ब्रिजवर जायच्या शिड्या उभ्या आणि अरुंद, पायरीची रुंदी निम्म्या पावलाएवढी. चढताना त्रास कमी, उतरताना जास्त, आणि उतरायचं तोंड शिडीकडे करूनच. आजींनी ब्रिज सोडून द्यावा. पावसात डेकचं लाकूड निसरडं होतं, त्या दिवशी इतरांनीही जपून.

सारुशिमावर धक्क्यापासूनच चढ सुरू होतो. फळ्यांची वाट आहे तिथवर ठीक, पुढे दगडी पायऱ्या आणि ओलसर माती. आजींना बेटावर न नेता पार्कमध्ये बाकावर बसवणं बरं, किंवा सरळ बंदराच्या फेरीला न्या. त्या बोटीत बसूनच सगळं दिसतं. परतताना जेआरचं योकोसुका स्टेशन त्यांच्यासाठी सोयीचं: त्या स्टेशनात एकही पायरी नाही, रस्त्यावरून थेट फलाट.

---

वरणभातवाले

शाकाहारींसाठी. योकोसुकाची प्रसिद्ध वस्तू म्हणजे 'नेव्ही करी'. नौदलाच्या 1908 च्या पाककृतीवरून बनवलेली, सोबत कोशिंबीर आणि दुधाचा ग्लास हा ठरलेला थाट. त्यात मांस असतंच. 'मांसाचे तुकडे काढून द्या' म्हणून उपयोग नाही, कारण करीचा दाट गोळा बनवतानाच त्यात गाईची किंवा डुकराची चरबी आणि हाडांचं पाणी पडलेलं असतं. म्हणूनच तोक्योकरांनी कुपनाबद्दल म्हटलं ते बरोबर.

दुकानातल्या ओनिगिरीतही (भाताच्या सारण भरलेल्या मुटक्यांतही) गोची आहे. उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, त्यातल्या त्यात बरी, पण तिच्यातही कधीकधी सुक्या माशाचा चुरा असतो. कोंबु म्हणजे समुद्री शेवाळ असलं तरी शिजवताना माशाचं पाणी वापरलेलं असू शकतं. वेष्टनावरची घटकांची यादी फोनच्या भाषांतर-कॅमेऱ्यातून बघून घ्या. सगळ्यात निर्धोक: दशम्या आणि चटणी घरून. केळी, दही, भाजलेलं रताळं तिथे मिळतंच.

आणि एक. पार्कात आणि बेटावर घारी फार. हातातला घास मागून येऊन उचलतात, पंख गालाला लागून जातो इतक्या जवळून. डोक्यावर छप्पर असेल तिथेच खा, किंवा पाठीला भिंत लावून. मुलाच्या हातात उघडा खाऊ देऊन समुद्राकडे तोंड करून उभं करू नका.

---

तोक्योकर

आता क्रमाबद्दल. माझं मत: आधी सारुशिमा, मग जहाज. वारा दुपारकडे वाढला तर बोटी बंद होतात, जहाज कुठे पळून जात नाही.

---

गलबत

असहमत. जहाज नऊला उघडतं, बोटी साडेनऊपासून. नऊला 'मिकासा'वर चढलात तर गर्दीआधी तोफांच्या खोल्या रिकाम्या मिळतात, शाळांच्या सहली यायच्या आत. साडेदहाच्या बोटीने बेटावर गेलं तरी वाऱ्याची फार भीती नाही. बोटीचा धक्का पार्कला लागूनच आहे.

---

तोक्योकर

सोमवार ते शुक्रवार असेल तर तुमचं मान्य. शनिवार-रविवार हवा चांगली असली की बोटीच्या रांगा लागतात, तेव्हा पहिली बोटच पकडावी. दोन्हीकडे एक गोष्ट समान: निघण्यापूर्वी सकाळी बोट चालू आहे का ते संकेतस्थळावर बघून घ्या. वरून ऊन पडलेलं असतं, पण लाटांमुळे फेऱ्या रद्द असतात, असं बऱ्याचदा होतं.

---

नकाशेवाला

सारुशिमा. तोक्योच्या उपसागरातलं एकमेव नैसर्गिक बेट अशी ख्याती. परीघ सुमारे 1.6 किलोमीटर, बोटीने दहा मिनिटं. बोटीचं भाडं आणि बेटाचं प्रवेशशुल्क वेगवेगळं, दोन्ही मिळून मोठ्या माणसाला साधारण 2,000 येन धरून चाला. नावात 'सारु' म्हणजे माकड असलं तरी माकड एकही नाही. निचिरेन या साधूला पांढऱ्या माकडाने इथे वाट दाखवली अशी दंतकथा आहे.

बघायचं ते 1880 च्या दशकातलं किल्लेकाम. उपसागराच्या तोंडाशी शत्रू आला तर तोक्योच्या रक्षणासाठी तोफा बसवल्या, आणि समुद्रावरून काही दिसू नये म्हणून अख्खा रस्ता डोंगर कापून खाली नेला. दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या दगडी भिंती, मध्ये सैनिकांच्या आणि दारूगोळ्याच्या खोल्या. या खोल्यांना कुलूप असतं, मार्गदर्शकाबरोबर गेलात तरच काही उघडतात. पुढे विटांचा नव्वदेक मीटरचा बोगदा.

बोगद्यात शिरण्यापूर्वी थांबून विटा बघा. एकाच थरात एका विटेची लांब बाजू, पुढच्या विटेचं आखूड तोंड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. याला तिकडे 'फ्रेंच' रचना म्हणतात. जपानात नंतर रूढ झाली ती 'इंग्लिश' रचना: एक थर पूर्ण लांब बाजूंचा, त्यावरचा पूर्ण आखूड तोंडांचा. फ्रेंच रचनेची बांधकामं जपानात मोजकीच उरली आहेत. योकोसुकाची गोदी व्हेर्नी नावाच्या फ्रेंच इंजिनियरने उभी केली, त्यामुळे या भागात फ्रेंच वळण दिसावं यात नवल नाही. 2015 मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाली.

अडचणी: शौचालय धक्क्याजवळच, बेटाच्या पलीकडच्या टोकाला नाही. बोगद्यात अंधार आणि जमीन ओली, चपला नकोत. रात्री राहता येत नाही, म्हणून परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच फोनमध्ये टिपून ठेवा. अख्खं बेट फिरायला तास पुरतो. पुढच्या बोटीने परत, म्हणजे दोन तासांचं गणित जमतं.

---

गलबत

बंदराच्या फेरीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. बोट शिओइरीच्या धक्क्यावरून सुटते, कोआस्का नावाच्या मॉलच्या मागे. आरक्षण आधी ऑनलाइन करा, सुट्टीच्या दिवशी ऐनवेळी जागा मिळत नाही. समालोचन जपानीत असतं, पण जहाजं डोळ्यांनी कळतात.

आकडे वाचायची सवय लावा. प्रत्येक जहाजाच्या पुढच्या भागावर मोठा क्रमांक असतो. 183 दिसला तर ती जपानची 'इझुमो', सपाट लांबलचक डेकची, योकोसुकाचीच. विमानवाहू अमेरिकन 'जॉर्ज वॉशिंग्टन'चा क्रमांक 73. ती बंदरात असेलच असं नाही, बहुतेक काळ बाहेर असते. पाणबुड्या म्हणजे पाण्याच्या वर दिसणारी काळी पाठ आणि मधला उंचवटा, पटकन नजरेतून सुटतात. फेरी मध्येच एका अरुंद कालव्यातून पलीकडच्या नागाउरा बंदरात जाते. डोंगर कापून केलेला हा कालवा 1889 चा.

अमेरिकन तळाच्या आत, पाण्याच्या कडेला 1871 ची पहिली सुकी गोदी आहे आणि ती आजही वापरात आहे. तळात शिरता येत नाही, त्यामुळे ती बघायची सोपी संधी हीच.

उतरल्यावर समोर व्हेर्नी पार्क. तिथे 'मुत्सु' युद्धनौकेची 41 सेंटिमीटरची तोफ ठेवली आहे, 2016 मध्ये तोक्योहून आणलेली. 'मिकासा'ची 12 इंची म्हणजे साधारण साडेतीस सेंटिमीटरची नळी सकाळी बघितलेली असल्यावर ही बघायलाच हवी. दोघींच्या जन्मात वीसेक वर्षांचंच अंतर. पार्काला लागून व्हेर्नीचं छोटं संग्रहालय, प्रवेश मोफत: 1865 चे डच बनावटीचे वाफेवरचे दोन हातोडे. मोठा तीन टनी हातोडा 1997 पर्यंत काम करत होता.

---

सागरिका_७

मुलाला दीपगृह बघायचं असेल तर? कान्नोनझाकी पूर्णच गाळायचं का?

---

नकाशेवाला

बेट आणि बंदर-फेरी यांपैकी एक सोडलंत तर जमेल. 'मिकासा' नऊ ते अकरा, मग केइक्युने माबोरी-काइगान किंवा उरागा, तिथून कान्नोनझाकीची बस. बस थांब्यापासून दीपगृहापर्यंत समुद्राकडेची वाट आणि मग पायऱ्या. आजींसाठी नाही.

जपानमधलं पाश्चात्त्य पद्धतीचं हे पहिलं दीपगृह, 1869 मध्ये पेटलं, तेही व्हेर्नीच्याच माणसांनी बांधलेलं. आजची इमारत मात्र तिसरी, 1925 ची. पहिलीला 1922 च्या भूकंपात तडे गेले, दुसरी 1923 च्या महाभूकंपात गेली. वर चढता येतं. समोर पलीकडचा फुत्सुचा किनारा जेमतेम सातेक किलोमीटरवर आणि त्या फटीतून तोक्यो-योकोहामाची सगळी मालवाहतूक एका रांगेत जाते. जहाजवेड्या मुलाला बेटापेक्षा हेच जास्त आवडेल. वारा असला तर टोपी खिशात.

कुरिहामाचं पेरी स्मारक मात्र निखालस गाळा. 1853 मध्ये पेरी उतरला ती जागा म्हणून महत्त्व मोठं, पण बघायला एक दगड आणि लहानसं दालन. वेगळ्या दिवशी कुरिहामाहून कानायाला फेरीबोटीने उपसागर ओलांडायचा असेल, 40 मिनिटांचा प्रवास, तर जाता जाता बघून होतं.

---

पाणकोंबडा

सगळ्यांचे आभार. सुधारलेला बेत, दिवस मंगळवार:

7:45 शिनागावा, मिसाकिगुचीची काइतोकु. 8:50 पर्यंत 'मिकासा' पार्क. 9 ते 10:20 जहाज: आधी कुशीतल्या तोफा, मग नकाशे, बिनतारी, मागच्या खोल्या, शेवटी ब्रिज (आजी खाली). 10:30 ची बोट, बेट. आजी आणि एक जण पार्कात. 12 च्या आसपास परत, जेवण. दोनची बंदर-फेरी, आरक्षण करून. मग 'मुत्सु'ची तोफ, हातोडे, आणि जेआरच्या योकोसुका स्टेशनवरून परत. दीपगृह आणि पेरी रद्द.

चुकतंय का काही?

---

गलबत

जहाजाला 80 मिनिटं कमी पडतील, मुलगा रिव्हेट मोजत बसला तर नक्कीच. 11:30 ची बोट धरा. 12:45 पर्यंत परत आलात की जेवण उरका आणि फेरी दोनऐवजी तीनची घ्या. नोव्हेंबरात तीनच्या फेरीला ऊन तिरपं असतं, राखाडी जहाजांच्या बाजू उठून दिसतात. पण मग पावणेचारला उतरून हातोड्यांचं संग्रहालय आधी, तोफ नंतर. तोफ उघड्यावर आहे, तिला बंद व्हायची वेळ नाही.

---

मीठपाणी

आणि पार्कात थांबणाऱ्या दोघांसाठी जाड जाकीट. तिथे समुद्रावरून थेट वारा येतो, आडोसा नाही. जहाजाचं तिकीट एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा चालेल का ते काउंटरवर आधीच विचारून घ्या. चालत असेल तर आजींना थंडीत बाकावर बसायची गरज नाही, मधल्या डेकवर चित्रफीत बघत बसता येईल.